ओरोमो शिकवणाऱ्यांचं काय करायचं

बोईसर स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्याला मी विचारलं, ओरोमो शिकायचं पुस्तक आहे का, तर त्याने जागेवरून न उठता मला स्पर्धा परीक्षेचं गाईड काढून दिलं. मी म्हटलं, "अहो, भाषा आहे ती. इथिओपियातली." तो म्हणाला, "मग ताई, जनरल नॉलेजमध्ये असेल बघा." तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता येत नाही, कारण नंतर मी जे जे काही शोधलं ते त्या गाईडपेक्षा फार बरं निघालं नाही. गाईडमध्ये निदान राजधानीचं नाव तरी बरोबर असतं.

ओरोमो म्हणजे काही चार घरांत बोलली जाणारी भाषा नाही. कोट्यवधी लोक बोलतात. तरी पालघरच्या वाचनालयात परदेशी भाषांच्या कपाटात जर्मनची दोन पुस्तकं, जपानीचं एक, आणि केक कसा करावा याचं एक. तिथल्या बाईंना विचारलं हे केकचं इथे का, तर म्हणाल्या, "परदेशीच आहे की ते."

आता बोईसरजवळच्या, दर्याकाठच्या नवापूरच्या पोरीला ओरोमो कशाला, ते सांगते. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. धागा किती ताणला की तुटतो ते बघायचं, हे माझं काम. आमच्या मालकांनी इथिओपियात गिरणी काढली आणि तिथली तीन माणसं आमच्याकडे ट्रेनिंगला आली. दोघं पुरुष, शहरातले, इंग्रजी फाडफाड, त्यांना लगेच वापीच्या युनिटला पाठवलं. उरली ती. माझ्याच वयाची, डोंगरातल्या खेड्यातली, घरात ओरोमो, आणि इंग्रजी शाळेत होतं तेवढंच. तिला शिकायचं होतं रिंगफ्रेम खातं, म्हणजे कापसाच्या जाड वातीला पीळ देऊन धागा करणारी मशीनं असतात ते. ट्रेनिंग पुरं केलं तर परत जाऊन त्या खात्याची प्रमुख. मधेच परत पाठवलं तर झाडू, कारण तिने तिकडे झाडूपासूनच सुरुवात केली होती. हे सगळं तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. प्रमुख हा शब्द इंग्रजीत, आणि झाडू अ‍ॅक्टिंग करून, लॅबमध्ये वाकून, कोपरे काढत. प्रमुख मला नंतर कळला, झाडू लगेच कळला.

तिच्या स्वागताला आमच्या एचआरच्या मॅडमनी एक कागद छापून सगळ्या खात्यांत वाटला होता. वर मथळा, इथिओपियन भाषेतील उपयुक्त वाक्ये. खाली एकदम सुंदर लिपी, छोट्या छोट्या माणसांनी कवायत करावी तशी. ती अम्हारिक होती. म्हणजे माझ्या आईचं कुठे परदेशात स्वागत करायचं, आणि भारतीय भाषा म्हणून बंगालीत छापलेला कागद तिच्या हातात द्यायचा, तसं. तिने तो बघितला, हसली, घडी घालून पिशवीत ठेवला. मॅडम म्हणाल्या, "आवडला तिला."

मी म्हटलं, "मॅडम, तिची भाषा वेगळी आहे. ओरोमो."

"अगं हो, पण देश तोच ना."

त्या दिवशी मी ठरवलं की मीच शिकते. मला असं काहीही ठरवायला वेळ लागत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

तर मग अ‍ॅप. सगळ्यांच्या फोनमध्ये असतं ना तसलं, रोज पाच मिनिटं खेळून भाषा शिकवणारं. त्यात हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या भाषा आहेत. कोणी न बोललेल्या, कुठल्यातरी मालिकेसाठी बनवलेल्या भाषा आहेत. कोट्यवधी जिवंत माणसांची नाही. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये होती, पण त्यात फक्त फळांची नावं आणि रंग. मी आठवडाभर लाल, हिरवा, संत्रं, केळं केलं. गिरणीत संत्र्याचा काय संबंध. पांढरा कापूस, पांढरा धागा, आणि संध्याकाळी आम्ही पण पांढऱ्या.

मग पीडीएफ. एक सापडली, खूप जुनी, वाकडी स्कॅन केलेली, कुठल्यातरी गोऱ्या साहेबाने इंग्रजीत लिहिलेली. पहिल्या धड्यात नोकराला सांगायचं, खेचरावर खोगीर घाल. दुसऱ्यात खेचराला पाणी दाखव. तिसऱ्यात विचारायचं, खेचर कुठे गेलं. या माणसाला खेचराशिवाय कुठे जाताच येत नसावं. एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलायचं वाक्य सहाव्या धड्यात येतं, आणि ते पण रागवायचं.

आणि त्याला धक्का कशाचा बसावा, तर क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं याचा. अख्खं पान खर्च केलंय, विद्यार्थ्याने धीर धरावा वगैरे. अरे, आम्ही बोलायला लागल्यापासून क्रियापद शेवटीच टाकतोय. अनी बिशान डुगा, मी पाणी पिते. जागच्या जागी. मोठ्या माणसाला 'तू' न म्हणता 'तुम्ही' म्हणायचं, याच्यावर आणखी एक पान. त्यांच्या त्या ड वर तर दीड पान, जीभ कुठे, हवा कुठे, गळ्याची आकृती. आपला ड जरा गिळून म्हटला की झालं. गोऱ्या माणसाच्या जिभेच्या अडचणी मी का वाचायच्या? जे मला खरंच जड जात होतं, म्हणजे त्यांचे ते फटाक्यासारखे घशात फोडायचे क आणि त, त्यावर साहेबाने एकच ओळ लिहिली होती, की हे ऐकून शिकावेत. मी तिच्यासमोर फोडून दाखवले तर तिने तोंडावर ओढणी घेतली आणि बराच वेळ काढलीच नाही.

व्हिडिओवाले तर विचारू नका. एक मुलगा आहे, मागे निळा लाइट, आठवड्यात ओरोमो शिकलो म्हणतो. हॉटेलात जातो, चार वाक्यं टाकतो, वेटर हसतो, हा कॅमेऱ्याकडे बघून डोळे मोठे करतो. खाली कमेंटमध्ये लोकांनी लिहिलंय की वेटर अम्हारिक बोलणारा आहे, त्याला काही कळलेलं नाही. या पठ्ठ्याने त्या कमेंटला बदाम दिलाय. एका ग्रुपमध्ये मी विचारलं की मशीन बंद करा कसं म्हणायचं, तर एकाने सांगितलं, आधी भाषाशास्त्राचा पाया पक्का कर. त्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांचं स्पेलिंग तपासतात. बोलत कोणीच नाही.

ट्रान्सलेटर मी एकदाच वापरला. तिला सांगायचं होतं, आधी मशीन थांबव, मग तुटलेला धागा जोड. फोनने ते मोठ्या आवाजात सांगितलं. काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. तिने मशीनसमोर जाऊन हात जोडले.

शेवटी कामाचं जे सापडलं ते शिकवायला केलेलंच नव्हतं. तिकडची एक बाई घरी कॉफी करते, कॉफीला ते बुना म्हणतात, आणि फोन कुठेतरी टेकवून ठेवते. शेजारणी येतात, बसतात, तासभर बोलतात. ना अक्षरं, ना अर्थ, ना संगीत. मी गिरणीत जाता-येता शेअर रिक्षात हेच ऐकत बसायचे. एकच त्रास होता, मधे मधे हवा ओढल्यासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, माईक स्वस्तातला असेल.

या सगळ्यातून मला जेवढं येत होतं तेवढं घेऊन मी तिला एका सुट्टीला घरी नवापूरला आणलं. ती सरावलीला राहायची, कंपनीने घेतलेल्या खोलीत, दोन हिंदीवाल्या मुलींबरोबर, आणि सुट्टीच्या दिवशी नुसती झोपून असायची. आमच्याकडे मागच्या अंगणात बोंबील वाळत होते. तिने आयुष्यात एवढे मासे टांगलेले बघितले नव्हते. खालून वाकून त्यांच्या तोंडात बघत होती. आई तिच्याशी आपल्या बोलीतच बोलायला लागली. मी म्हटलं, तिला कळत नाही, तर म्हणे, "कळते सगला. माणूसच हाय ना ती."

"तुमच्यात दर्या हाय का गो?"

मी विचारलं, गलाना आहे का तुमच्याकडे. ती म्हणाली, लक्की. म्हणजे नाही. हे मला येत होतं म्हणून मला केवढं बरं वाटलं. मग जेवायला बसलो. मांदेलीचं कालवण, भात, भाकरी. तिने मासा जरा घाबरतच तोंडात घातला.

आई म्हणाली, "आवडला का गो?" आणि हाताने विचारलं, चांगलं आहे?

तिने भुवया वर केल्या आणि तोंडाने हवा आत ओढली. छोटीशी, झटकन, दचकल्यासारखी.

आईचा हात तिथेच थांबला. "काटा आडकला तिला."

"काटा नाही गं, मांदेलीचा कसला अडकतोय."

"मी येवढी वरसं मासळीत हाय, तू मला सांगते? भात दे सुका."

आमच्याकडे घशात काटा गेला की सुक्या भाताचा गोळा चावायचा नाही, सरळ गिळायचा. आईने गोळा वळला, तिच्या तोंडाशी नेला, स्वतः गिळून दाखवलं. बिचारीने गिळला.

"गेला?"

हवा आत.

"नाय गेला. आजून एक दे."

दुसरा गोळा. गेला? हवा आत. तिसरा. शेजारची काकी आवाज ऐकून दारात आली आणि म्हणाली, "केलं दे गो, केल्यानं जाते." मग केळं. आई माझ्यावर भडकली, "तुला येते ना तिची भासा, इचार ना तिला." मला घसा येत नव्हता. काटा येत नव्हता. साहेबाच्या पीडीएफमध्ये खेचराचा लगाम होता, पट्टा होता, नाल होती, माणसाचा घसा नव्हता. मी एवढंच विचारलं, गारी डा? बरं आहे? तिने माझ्याकडे बघून हवा आत ओढली.

"बग," आई म्हणाली, आणि आणखी एक केळं सोललं.

ती गेली तेव्हा तिला चालवत नव्हतं. आईने बरोबर सुके बोंबील दिले आणि मला बजावलं, की पोरीला दवाखान्यात दाखव.

दाखवायची वेळ यायचीच होती, पण काट्यासाठी नाही.

रिंगफ्रेम खात्यात इतका आवाज असतो की माणसं तोंड बघून बोलतात. हवेत कापसाचा बारीक तंतू उडत असतो, पापण्यांवर बसतो. सुपरवायझर हिंदीवाला, जुना, ओरडून काम सांगायचा आणि प्रत्येक कामानंतर विचारायचा, "समझी?" आणि दर वेळी तिचं तोंड उघडायचं, भुवया वर, छाती वर. त्याने सेफ्टीच्या साहेबांना सांगितलं, लडकी की साँस फूलती है।

सेफ्टीचे साहेब पालघरचे. नुकतेच कापसाच्या तंतूने होणाऱ्या दम्यावरचं दोन दिवसांचं शिबिर करून आले होते, आणि शिबिर करून आलेल्या माणसाला आजारी माणूस लागतोच. त्या दम्याचं एक असं असतं, की सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. हे खरं आहे, आमच्याकडच्या जुन्या कामगारांना होतो तो. साहेबांनी सुट्टीनंतरच्या दिवशी खात्यात उभं राहून बघितलं, आणि काय, तिचा श्वास त्या दिवशी सगळ्यात जास्त ओढला जात होता. अहो, त्याच दिवशी सुपरवायझर तिला आठवड्याचं सगळं काम समजावून सांगतो. समझी, समझी, समझी. पण साहेबांना शिबिर आठवत होतं.

कंपनीचे डॉक्टर आले. त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, "ब्रीदिंग ओके?"

हवा आत.

"इथे आल्यापासून ओके?"

हवा आत.

डॉक्टरांनी साहेबांकडे बघून मान हलवली. छाती तपासली तर साफ. फुंकायचं यंत्र दिलं तर काटा पार शेवटपर्यंत. डॉक्टर म्हणाले, यंत्र जुनं आहे. आणि ठरलं, पुढच्या आठवड्यात परत पाठवायचं. परदेशी मुलगी, उगाच काही झालं तर केवढ्याला पडेल.

एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. "तू शिकतेस ना तिचं ते. तिला नीट समजावून सांग. प्रेमाने सांग. तिच्या भाषेत सांगितलं की वाईट वाटत नाही."

म्हणजे त्यांना असं वाटतं, आपल्या भाषेत ऐकलं की वाईट वाटत नाही. मी म्हटलं, "मॅडम, ती परत गेली की झाडू मारायला लागेल."

"अगं, पण तब्येत महत्त्वाची."

मी लॅबमध्ये येऊन बसले. मला ते वाक्य येत नव्हतं, आणि मला ते यावं असं पण वाटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो कॉफीवाल्या बाईचा व्हिडिओ लावला, म्हटलं त्या कोणाच्या तरी जाण्याबद्दल बोलत असतील, त्यातून शब्द उचलू. या वेळी कानात नाही, डोळ्यांनी बघत होते. इतके दिवस मी नुसतं ऐकत होते ना. एक म्हातारी काहीतरी सांगतेय, समोरची तरणी बाई ऐकतेय. म्हातारीचं वाक्य संपलं, तरणीने भुवया वर केल्या आणि हवा आत ओढली. पुढचं वाक्य, हवा आत. म्हातारीने काही विचारलं, हवा आत, आणि म्हातारीने तिच्या कपात कॉफी ओतली.

माईक ठीक होता.

मी मागे नेऊन परत बघितलं. दुसरा व्हिडिओ लावला. तिसऱ्यात एक पुरुष. आता एक तर या अख्ख्या डोंगरात सगळ्यांना दमा होता, किंवा मग नव्हता. मी डबा तसाच टाकून कॅन्टीनला पळाले. ती कोपऱ्यात बसली होती. मी समोर बसले आणि धापा टाकत विचारलं, बुना बर्बाद्दा? कॉफी हवी?

हवा आत.

"अती डीरा?" तू पुरुष आहेस?

ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हसायला लागली. "लक्की." श्वास नाही, काही नाही.

मग मी स्वतः तिच्यासारखी हवा आत ओढली, आणि विचारलं, हे म्हणजे एय्ये आहे का? एय्ये म्हणजे हो. पुस्तकात दिलेला शब्द. खेचरवाल्या गोऱ्या साहेबाने दिलाय, अ‍ॅपने दिलाय, निळ्या लाइटवाल्याने दिलाय, सगळ्यांनी दिलाय. समोरासमोर बोलताना माणसं तो शब्द गिळून श्वासानेच हो म्हणतात, हे एकानेही सांगितलं नाही. खेचराच्या नालेपर्यंत सगळं सांगितलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की ही काय विचारतेय, आणि हवा आत ओढली.

मी तिला ते परत पाठवायचं सांगितलं. सांगावंच लागलं. अर्धं इंग्रजी, अर्धं ओरोमो, आणि छातीवर हात ठेवून दम्याची अ‍ॅक्टिंग. तिने ताट बाजूला सारलं. मग जे बोलायला लागली ते मला अर्धंही कळलं नाही. सुपरवायझर कळला, डॉक्टर कळला, आणि झाडू कळला, कारण झाडूचा शब्द आता मला येत होता. शेवटी तिने भाताचा गोळा वळल्यासारखा हात केला आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सेफ्टीच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मॅडम होत्या, सुपरवायझर होता. मी आधी व्हिडिओ दाखवला.

साहेब म्हणाले, "म्हणजे आता तू मला फोनवर मेडिकल शिकवणार."

"सर, मेडिकल नाही. ती हो म्हणतेय."

"हो म्हणायला श्वास कशाला ओढायला पाहिजे?"

"आपण तरी हो म्हणताना मान कुठे सरळ हलवतो, सर. तिला महिनाभर वाटत होतं की आपल्या सगळ्यांच्या मानेत काहीतरी बिघाड आहे."

हे मी तिच्या नावावर खपवलं. ती असं काही बोलली नव्हती. पण साहेबांनी मान हलवायचं थांबवलं.

"बरं. तिला विचार, दम लागतो का."

मी विचारलं. ती मोठ्याने म्हणाली, "लक्की," आणि साहेबांकडे बघून परत एकदा, "लक्की."

"चहा घेणार का विचार."

विचारलं. हवा आत. सुपरवायझर खुर्चीतून अर्धा उठला. "देखा साब, देखा, फिर से।"

"चहाला हो म्हणाली ती," मी म्हटलं.

मॅडमना मजा यायला लागली. "बिस्किट विचार." हवा आत. "विचार, लग्न झालंय का." लक्की. "विचार, मी दिलेला कागद उपयोगी पडला का."

मी ते विचारलंच नाही. मी विचारलं, सुपरवायझर चांगलं शिकवतो का. तिने सुपरवायझरकडे बघितलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. ना श्वास, ना लक्की.

"क्या बोली?" सुपरवायझरने विचारलं.

"कुछ नहीं बोली।"

"मतलब?"

"मतलब कुछ नहीं बोली।"

साहेब हसले, तेव्हा मला कळलं की झालं काम. पण आपण चुकलो असं म्हणणार ते साहेब कसले. म्हणाले, बोईसरच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीची पूर्ण तपासणी करू, साफ आली तर राहू दे. आम्ही गेलो. तिथल्या टेक्निशियनने तिला नळीत फुंकायला सांगितलं आणि आकडे बघून मला म्हणाला, "कुठची आहे ही? उंचावरची का? माझ्यापेक्षा जास्त हवा आहे हिच्या छातीत." तिकीट रद्द झालं. ती राहिली.

आता कोणालाही वाटेल की यातून गिरणी काही शिकली असेल. मॅडमनी नवीन कागद छापला. इथिओपियन लोक होकार देताना श्वास घेतात, घाबरू नये. भाषेचं नाव याही वेळी नाही. साहेबांनी सूचना काढली की प्रशिक्षणार्थींनी खात्यात उत्तर मोठ्या आवाजात आणि स्पष्ट शब्दात द्यावं. आणि सुपरवायझर नवीन पोरांना सांगत फिरायला लागला, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ऑफिसवाल्यांना कळत नाही. माझ्या आईला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "आसंल. पन त्या दिशी काटाच होता."

ट्रेनिंग संपायला आलं होतं, तेव्हा मी एकदा धाग्याचे नमुने घ्यायला खात्यात गेले होते. आता अख्खी ओळ तीच बघत होती. सुपरवायझरने येऊन तिला नवीन मशीनचं काहीतरी लांबलचक समजावलं, हात हलवून, ओरडून, आणि शेवटी विचारलं, "समझी?"

ती सूचनेप्रमाणे मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "येस सर."

तो गेला नाही. कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. "सच में समझी?"

तिने भुवया वर केल्या आणि हवा आत ओढली. मग तो पुढच्या मशीनकडे गेला.